गोकुळाच्या जागी सुपारी

माझी आजी गोकुळा देवमाणूस होती, असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हल्ली गावात हे फार ऐकू येतं. ज्यांच्या घरच्यांनी तिला कधी ओसरीवर बसायला गोणपाट टाकलं नाही, त्यांची नातवंडं आता डोळे मिटून सांगतात की गोकुळाआजी साक्षात माउली होती, तिच्या जिभेवर साखर होती. साखर! त्या जिभेवरची एक शिवी जरी यांच्या कानावर पडली असती, तरी धावत जाऊन आंघोळ केली असती.

माझी आजी सुईण होती. जन्मभर तिनं गावाची सेवा केली आणि जन्मभर गावाला नावं ठेवली. दोन्ही कामं ती मनापासून करायची. ज्यांना पहिलं आठवतं आणि दुसरं आठवत नाही, त्यांना ती कळलीच नाही. कळावी एवढी त्यांची लायकीही नव्हती.

आमचं जांभूळबोडी मूलच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वर जंगल, खाली धानाच्या बांध्या, मधे तलाव. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, आम्हा ढिवरांचा मोहल्ला. मासे मारायचे, शिंगाडे लावायचे, धान रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या चिखलात वाकायचं, हे आमचं जगणं. माझा आजा सोमाजी तरणाताठा असतानाच तापानं गेला. मागे राहिली आजी आणि तिचा एकुलता एक मुलगा मनसाराम, म्हणजे माझा बाप. बापाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण चांगलं बोलायचं तर काही हाती लागत नाही. तो सकाळी जाळं विणायला बसायचा आणि संध्याकाळी तेच उसवायचा. तलावातले मासे त्याच्या कृपेनं म्हातारे होऊन मरत. घर चालायचं ते आजीच्या हातांवर आणि माझ्या आईच्या शिंगाड्यांवर. माझं लग्न त्याच मोहल्ल्यात, चार घरं सोडून झालं, म्हणून आजी शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर राहिली.

बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आजी आधी तिथे जमलेल्या बायकांना हाकलायची. "काऊन जमल्या वं? दंडार पाहाले आल्या का?" रात्रभर नाचगाण्याची दंडार व्हावी तशा त्या बायका खरंच पाय पसरून बसलेल्या असायच्या. मग ती बाळंतिणीकडे वळायची. "रडून काय राह्यली? लगन लागलं तवा तं लई दात काढत होती. कुथ आता!" बाई कण्हायचं विसरून चिडायची, आणि चिडली की जोर लावायची. पोरं आजीच्या शिव्यांना भिऊनच बाहेर येतात, असं मोहल्ल्यात म्हणत. मी माझ्या पोराच्या, खुशालच्या वेळी तिचं तोंड ओरबाडायला निघाले होते. ती हसली आणि म्हणाली, "हां, असा जोर पायजे."

देवाशीही तिचं असंच. तलावाच्या पाळीवर कडुनिंबाखाली माता मायचा शेंदूर फासलेला दगड आहे. गावातल्या बायका काम होण्याआधी दिवा लावायच्या, नवस बोलायच्या, लुगड्याचं आमिष दाखवायच्या. आजी बाळंतपणाला निघाली की त्या दगडासमोर उभी राहून बजावायची, "पयले हात लाव, मंग तेल." आणि एखादं लेकरू हाती लागलं नाही, तर परत येताना त्या दगडाकडे पाठ करून बसायची. "तुले माय कोन म्हंते? मीच म्हंतो ना? मंग कायची माय वं तू?" बायका कानांवर हात ठेवायच्या. दोन दिवसांनी तीच आजी तो दगड घासून पुसून स्वच्छ करताना दिसायची, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी गळत असायचं. नवस बोलणाऱ्या एकीच्याही डोळ्यांत मी तसं पाणी पाहिलं नाही. त्यांचा सगळा व्यवहार.

आता मुख्य गोष्ट. ज्याच्यावर तिचा जीव, त्याला ती चुकूनही चांगलं म्हणत नसे. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून मी कुंता असून तिच्या तोंडी कायम उकिरडी. माझा बाप कुजका. माझा खुशाल जन्मला तेव्हा गोरापान, बाळसेदार, त्याला पाहून ती म्हणाली, "बेंडूक झालं वं, बेंडूक!" आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. उलट ज्यांच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना ती अगदी गोड बोलायची. "बसा जी, बरे हाव ना जी." तिनं एखाद्याला 'जी' लावलं की आम्ही समजायचो, हा माणूस तिच्या हिशेबी मेला.

गावात वर, मधोमध, गावाच्या मालकांचं, मालगुजारांचं मोठं घर. मालगुजार गणपतराव म्हणजे चालता-बोलता फेटा. त्या फेट्याखाली काही असेल अशी शंका मला कधी आली नाही. पण त्यांची बायको इंदिराबाई साधी होती बिचारी. तिला मूल व्हायचं, पाळणा बांधला जायचा, आणि पाळण्याला तेल लावायच्या आत तो सोडावा लागायचा. वैद्य झाले, नागपूरचे डॉक्टर झाले, होमहवन झालं. शेवटी पुन्हा एक मुलगा जन्मला, तेव्हा ती बाई नवऱ्याला म्हणाली, "ह्याले इकून टाका."

पोर विकणं म्हणजे काय, ते सांगते. ज्या घरी लेकरं टिकत नाहीत, त्या घरचं लेकरू सुपात घालून सुइणीला विकतात, तेही कोंड्याच्या भावात. सूपभर कोंडा सुईण देते आणि पोर घेते. मग मरण दारात आलं तरी त्याला त्या घरात पोर सापडत नाही; कारण पोर त्या घरचं राहिलेलंच नसतं, आणि कोंड्याच्या किमतीच्या वस्तूकडे कोण बघतो? त्यानंतर आईबाप पोर सांभाळतात, पण परक्याचं म्हणून. लग्नाच्या वेळी, हळद लागायच्या आधी, सूपभर कोंडा परत देऊन ते आपलं करून घ्यायचं. आणि ज्या उंबऱ्यावरून दिलं, त्याच उंबऱ्यावरून घ्यायचं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. ज्या मालगुजारांच्या पुढच्या दाराकडे आमची सावली वळत नव्हती, त्या दारात त्या दिवशी गणपतराव स्वतः सूप घेऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या आत ते, बाहेर माझी आजी.

"इकलं का पोट्टं?"

"इकलं."

"कायच्यात?"

"कोंड्यात."

"घेतलं."

आजीनं पोर पदरात घेतलं, साऱ्या गावाला दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कायचं पोट्टं हाय हे? उंदराचं पिल्लू! कोंडासुदा जास्त झाला." मग ते इंदिराबाईच्या हातात ठेवलं. "सांभाळा, बाई. माहं हाय, ध्यान ठेवा."

पोर जगलं. पंचांगातलं नाव राजेश्वर, गावाच्या तोंडी कोंडू. चालायला लागला तसा तो पाळ उतरून आमच्या मोहल्ल्यात यायचा, आजीला 'माय' म्हणायचा आणि आमच्या ताटात बसून भात आणि झिंग्याची चटणी खायचा. मोठ्या घरी झिंग्याचा वाससुद्धा चालत नसे. "कोंड्या, भिकारड्या, घरी गिळाले भेटत नाई का?" असं ओरडत आजी माझ्या ताटातले मोठे झिंगे उचलून त्याच्या ताटात टाकायची. मला त्याचा इतका राग यायचा की काय सांगू. गणपतराव नोकराला, सुकलूला, पाठवून त्याला फरफटत न्यायचे. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर.

मग एक्कावन्न साली मालगुजारी गेली. सरकारनं गावं घेतली, तलाव घेतले, फेटा मात्र गणपतरावांकडे राहू दिला. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते पाहायचं असेल तर त्यांना ओसरीवर बसलेलं पाहावं. कोंडू नागपूरला शिकायला गेला. परत आला तो मनगटावर घड्याळ आणि डोक्यात भांग घेऊन. आजीनं पाळीवरून हाक मारली, "ए कोंड्या, मेल्या, हाडं दिसून राह्यली, खात नव्हता का तिथी?" तेव्हा तो आधी आजूबाजूला बघून घ्यायचा की कोणी ऐकलं तर नाही. मी ते पाहिलं. आजीनंही पाहिलं असणार, पण तिनं दाखवलं नाही.

छप्पन साली त्याचं लग्न ठरलं. मुलगी नागपूरच्या वकिलाची. गावात मोटार येणार, वाजंत्री चंद्रपूरची येणार, आणि गणपतरावांचा फेटा दोन बोटं उंच झाला. वकिलासमोर एक ढिवरीण पुढच्या उंबऱ्यात उभी राहून 'पोट्टं माहं हाय' म्हणणार, ही कल्पना त्यांना कशी सोसावी? हळदीच्या आदल्या दिवशी सुकलू आमच्या दारात आला. वरच्या लोकांचा निरोप सांगताना तो नेहमी जमिनीकडे बघायचा.

"गोकुळाबाई, मालकानं सांगतलं, उद्या पाहुने जेवाले बसले का सांदवाडीच्या दारानं ये. कोंडा तिथीच देऊ. दोन शब्द बोल आन् निघून जाय."

सांदवाडी म्हणजे घरामागची शेणकेराची जागा. सुईण तिथूनच ये-जा करायची, आजीला त्याचं काही वाटत नसे. पण हे वेगळं होतं.

"पोट्टं म्या चोरून आनलं होतं का?" ती म्हणाली. "पुढच्या उंबऱ्यावरून घेतलं, पुढच्या उंबऱ्यावरून देईन. नाई तं तुह्या मालकाले सांग, राहू दे माह्याच जवळ. मले भारी नाई झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, डोक्याला तेल लावलं आणि सूप पुसून दारात बसली. तिला खात्री होती. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, इंदिराबाई ऐकणार नाही, कोंडू तर नाहीच ऐकणार, असं तिचं म्हणणं. वरून वाजंत्रीचा आवाज येत होता. ऊन दाराच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं तरी ती तिथेच. मी म्हटलं, "आजी, आत ये." तर म्हणाली, "गप वं उकिरडे, येतीन."

दिवस कलताना सुकलूच आला. घडलेलं त्यानं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. भटजींनी तोड काढली होती. शास्त्र आहे म्हणे, जे माणूस विधीला हजर नाही त्याच्या जागी सुपारी मांडावी. तर पुढच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकला, पाटावर सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, तिच्यासमोर सूपभर कोंडा ओतला. ही गोकुळा. मग गोकुळानं पोरगा परत दिला आणि गणपतरावांनी घेतला. सुपारीचं बरं असतं. तिला जात नाही, विटाळ नाही, तोंड नाही. ती पुढच्या दारानं येऊ शकते.

"आन् कोंडू काय म्हनला?" मी विचारलं.

"काय नाई म्हनला. पाटावर बसून होता."

आजी सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "सुपारी फोडून खाल्ली का ठेवली?"

"देवघरात ठेवली जी."

"बरं झालं," ती म्हणाली, "ठेवू दे." उठून तिनं हिरवं लुगडं बदललं, घडी घातली. जेवली नाही. माझ्या बापानं तिच्या वाटणीचाही भात खाल्ला आणि वर झोप छान लागली म्हणून सांगितलं.

गणपतरावांचा मला फारसा राग आला नाही. फेट्याकडून काय अपेक्षा करायची? पण कोंडू! ज्यानं माझ्या ताटातले झिंगे खाल्ले, ज्याला ही बाई उन्हात दिवसभर लुगडं नेसून वाट पाहते हे न सांगता कळायला हवं होतं, तो पाटावर बसून होता. शिकून माणसाला कणा येतो म्हणतात. त्याचा होता तोही नागपुरात उतरवून ठेवला होता वाटतं.

लग्नानंतर काही दिवसांनी तो नव्या नवरीला घेऊन माता मायच्या दर्शनाला आला. मागे इंदिराबाई, सुकलू, दोन-चार पाहुण्या बायका. आजी आणि मी पाळीवर मासोळ्या वाळत घालत होतो. त्याला पाहून आजी उठली. तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हात जोडले आणि मी कधी तिच्या तोंडून ऐकली नाही अशा शुद्ध भाषेत म्हणाली, "नमस्कार, राजेश्वरराव. बरे आहात ना आपण? सूनबाई बऱ्या आहेत?"

नवरी गोड हसली. तिला काय कळणार? पण कोंडूचा चेहरा पांढरा पडला. इंदिराबाईच्या हातातलं पूजेचं ताट कललं आणि कुंकू सगळं पाळीवर सांडलं.

त्या दिवसापासून इंदिराबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. जन्मापासून ज्या शिव्यांनी पोर राखलं, त्या शिव्याच बंद झाल्या. पुढे पावसाळ्यात कोंडूला हिवताप आला, उतरला, पुन्हा आला. त्या मुलखात हिवताप कोणाला येत नव्हता? पण आईला ते कसं पटावं? एका भर दुपारी ती माउली, हो, तिला मी म्हणते माउली, डोक्यावर ऊन घेत एकटी आमच्या मोहल्ल्यात आली. मालगुजाराच्या घरची बाई तिथे पहिल्यांदाच पाय ठेवत होती.

"गोकुळाबाई, माझं चुकलं. मी अडवायला पाहिजे होतं. पण त्याला शिवी द्या हो. एकच द्या."

"आमी कोन जी?" आजी सूप पाखडत म्हणाली. "सुपारीले सांगा. तेच देईल शिवी."

इंदिराबाई रडत परत गेली. मला तिची दया आली आणि आनंदही झाला. आजीला मात्र कसलाच आनंद झालेला दिसला नाही. कोंडूला ताप आहे हे कळल्यापासून ती माता मायसमोर तेल घेऊन जायला लागली होती. काम होण्याआधीच तेल! जन्मात कधी केलं नव्हतं तिनं. पण शिवी दिली नाही ती नाहीच.

पुढच्या वर्षी सुनेला दिवस राहिले. तिला माहेरी नागपूरला नेणार होते, गाडीही सांगून ठेवली होती. पण अंधारी नदीला पूर आला, गाडीवाट बुडाली आणि पोरीच्या पोटात दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सकाळीच सुकलू धापा टाकत आला. "गोकुळाबाई, चाल लवकर. सांदवाडीच्या दारानं..." आणि मधेच गप्प झाला. त्यालाही लाज वाटली असावी.

मी म्हटलं, "जाऊ नोको आजी. सुपारी हाय ना त्याइच्या घरी? होऊ दे सुपारीच्या हातून बाळंतपन."

आजी माझ्यावर अशी उखडली की बस. "उकिरडे! दाराचं भांडन माहं आन् मालगुजाराचं हाय. त्या पोरीच्या पोटाचं कोनासंगं भांडन हाय?" आणि लुगड्याचा काष्टा खोचून निघालीसुद्धा. पाळीवर चिखल, तिचे गुडघे दुखरे, म्हणून मी मागोमाग गेले.

पाळीवरच कोंडू समोरून धावत आला. पायात काही नाही, धोतर चिखलात माखलेलं.

"माय, लवकर चाल!"

"निघालोच आहोत, राजेश्वरराव."

ती त्याच्याकडे न बघता पुढे झाली. तो मागे मागे, लहानपणी चालायचा तसा. "माय, मले शिवी दे ना वं. एक तरी दे. माय!" नागपूरची भाषा कुठल्या कुठे गळून पडली होती. आजी थांबली नाही. सांदवाडीचं दार ढकलून ती सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली आणि आतल्या बायका नेहमीप्रमाणे बाहेर आल्या. मी शेणाच्या खड्ड्याजवळच्या दगडावर बसले. कोंडू तिथेच चिखलात बसला. आजवर त्या दारानं त्या घरातला कोणी आत-बाहेर गेला नव्हता. ते दार आमच्यासाठी होतं.

आतून आजीचा आवाज येत होता. वकिलाच्या पोरीला ती काय काय म्हणत होती ते लिहिण्यासारखं नाही. मग बराच वेळ शांतता. मूल झालं होतं, पण रडत नव्हतं. कोंडूनं डोकं गुडघ्यात घातलं. आणि मग आजी गरजली, "ए सटवे! वकिलाची नात ना वं तू? तोंड उघड! फुकट आली का माह्या हातात? उघड तोंड!" पाठोपाठ दोन-तीन चापट्यांचा आवाज, आणि मग ते बारीक, चिडलेलं रडणं.

आजी हात धुऊन बाहेर आली आणि मागच्या पायरीवर बसली. थकली होती. कोंडू उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "राजेश्वरराव, देवघरातली ते सुपारी हाय का अजून?"

तो आत गेला. ओसरीवर गणपतराव येरझाऱ्या घालत होते. त्यांच्यासमोरून तो चिखलाच्या पायांनी देवघरात शिरला आणि सुपारी घेऊन आला.

"मले दात नाईत," आजी म्हणाली. "कुटून दे."

त्यानं स्वयंपाकघरातून खलबत्ता आणला. मालगुजाराचा एकुलता एक मुलगा शेणकेरात मांडी घालून ढिवरणीसाठी सुपारी कुटायला लागला. ठक्, ठक्, ठक्. तो आवाज ओसरीपर्यंत गेला. गणपतराव मागच्या दारात येऊन उभे राहिले आणि खेकसले, "काय चालवलं आहे हे? देवघरातली सुपारी आहे ती!"

कोंडूनं मान वर केली नाही, हात थांबवला नाही. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं बापाचं ऐकलं नाही. खरं सांगते, तेवढ्या वेळापुरता मलाही तो माणसासारखा वाटला. गणपतराव आपला फेटा घेऊन परत ओसरीवर गेले.

आजीनं तळहातावर चुरा घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. "सवाद नाई काही," ती म्हणाली. "पन ह्याच सुपारीनं माहं पोट्टं परत देल्लं होतं ना? आता सुपारीच माह्या पोटात गेली. आता कोन देल्लं आन् कोन घेतलं?"

मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, कितीतरी दिवसांनी.

"ऊठ, कोंड्या! भिकारड्या, चिखलात बसून काय राह्यला? पोरगी झाली. थोबाड तुह्यासारखंच हाय. कोन लगन करन तिच्यासंगं, माता मायलेच ठाऊक."

आत इंदिराबाई हंबरडा फोडून रडली. कोंडू तिथेच चिखलात आजीच्या पायांवर डोकं ठेवून हसत होता की रडत होता, ते मला कळलं नाही. आजी त्याच्या पाठीत गुद्दे घालत म्हणत होती, "सोड, मेल्या, लुगडं खराब करून राह्यला."

पोरीचं पंचांगातलं नाव काहीतरी गोड होतं. गावात ती सुपारीच राहिली आणि ठणठणीत जगली. पुढचं दार गणपतरावांनी आजीसाठी कधी उघडलं नाही आणि आजीनंही पुन्हा ते मागितलं नाही. कोंडूच रोज संध्याकाळी सांदवाडीच्या दारानं बाहेर पडून आमच्याकडे यायला लागला. झिंगे अजूनही मोठे मोठे त्यालाच मिळायचे.

दोन हिवाळ्यांनंतर आजी गेली. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत संपली. सारं गाव गोळा झालं, कारण सारं गाव तिच्याच हातांत जन्मलं होतं. आणि मग सुरू झालं ते. साक्षात देवी होती. कोणाला कधी दुखावलं नाही. गरीब गाय होती. गणपतराव काठी टेकत आले, दूर उभे राहिले आणि 'पुण्यवान बाई' म्हणाले. भटजींनीही मान हलवली. ज्या बाईनं आयुष्यभर आपल्या माणसाला कोणाच्या गोड बोलण्यापासून जपलं, तिच्यावर ही सगळी गोडी ओतली जात होती. माझ्या अंगावर काटा येत होता. मी तरी काय बोलणार? रडून रडून माझा आवाजच बसला होता.

तिरडी उचलायची वेळ झाली. पुढच्या एका खांद्याला माझा बाप. दुसऱ्या खांद्याला कोंडू अनवाणी येऊन उभा राहिला. तो परत दिलेला नव्हता, म्हणून तिचा मुलगाच होता. सुपारी खाल्ल्यानंतर यावर कोणी तोंड उघडू शकत नव्हतं. त्यानं बांबू खांद्यावर घेतला, तिच्या चेहऱ्याकडे मान वळवली आणि सगळ्या गावासमोर, बापासमोर, मोठ्यानं म्हणाला,

"निघाली का वं बुढे, चोट्टे? मले कोंड्यात घेतलं, आन् आता तसंच टाकून चालली?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. भटजींनी कानांवर हात ठेवले. गणपतराव पाठ फिरवून घराकडे चालू लागले. मी मात्र तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले. सकाळपासून तिच्याशी घरच्यासारखं बोललेला तो पहिलाच माणूस होता.